भाऊबीजेचं तिसरं रीळ

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही फक्त वडिलांची. आई अंगठा देते. मी कॉलेजात जातो म्हणून मला लिहिता येत असणार, असं वस्तीतल्या लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मराठीच्या सरांनी एकदा माझ्या निबंधाखाली ‘प्रामाणिक, पण पसरट’ असा शेरा लिहिला होता आणि तो मला पटला होता. तेव्हा इथंही पसरट झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांच्या रांगेत घुसायचा माझा इरादा नाही. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची ती एक दुपार मला कुणाला नीट सांगताच आलेली नाही, एवढंच. तोंडी सांगायला लागलो की मी भरभर बोलत शेवटाकडे पळतो. कागदावर तरी पळता येणार नाही असं वाटलं.

गारखेड्यात आमच्या वस्तीला एक सभागृह आहे. सगळे त्याला थेटर म्हणतात. निजामाच्या काळात ते धान्याचं कोठार होतं. पोलीस ॲक्शननंतर बरीच वर्षं नुसतंच बंद पडलेलं होतं. मग वस्तीतल्या लोकांनी आत एका बाजूला चौथरा बांधला, वर पडदा लावला आणि तिथं नाटकं, भजनं, लग्नं, सगळंच व्हायला लागलं. दर भाऊबीजेला दुपारी तिथं पिच्चर दाखवतात. पिच्चर दर वर्षी एकच. जुना, काळापांढरा, मधूनमधून ओरखडे पडलेला. खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार करायचा, बायका पुढं सतरंजीवर, पुरुष मागं उभे. पिच्चर संपला की सगळे घरोघर जातात आणि दिवेलागणीला बहिणी भावांना ओवाळतात.

त्या चौथऱ्यावर भजन होतं म्हणून आत चपला चालत नाहीत. बाहेर काढल्या तर एवढ्या गर्दीत कुणाची कुणाच्या पायात जाईल त्याचा नेम नाही. म्हणून आमच्याकडं एक पद्धतच पडून गेली आहे. बहीण आत जाते आणि तिच्या चपला भाऊ पिशवीत घालून पिच्चर संपेपर्यंत काखेत धरून उभा राहतो. मोठमोठे मिशीवाले लोकही त्या दिवशी काखेत पिशवी धरून उभे असतात. ज्याच्या काखेत पिशवी नाही त्याला लोक विचारतात, “का रं, बहीण आली नाय व्हय?”

मी लहानपणापासून माझ्या ताईच्या चपला धरल्या. ती माझ्याहून मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि माझी चालू राहिली, याबद्दल ती कधी काही बोलली नाही. बिडकीनच्या पलीकडं एका गावात तिला दिली आहे. तिच्या सासरचे लोक भाऊबीजेला तिला पाठवतात, कारण तिनं लग्न ठरतानाच ते कबूल करून घेतलं होतं. आई अजून हसते त्यावर. “लोक सोनंनाणं बोलतात, हिनं पिच्चर बोलला.”

पिच्चरची गोष्ट साधी आहे. एक बहीण लांब दिलेली असते. भाऊ कामासाठी परमुलखात गेलेला. बरीच वर्षं तो येत नाही. एका दिवाळीला तो येतोय असा निरोप मिळतो. ती घर सारवते, रांगोळी काढते, ताट तयार करते, उंबऱ्यात बसते. भाऊ वाटेत अडकतो. इकडं ती तापानं आजारी पडते आणि तो दारात पोचतो तेव्हा ती गेलेली असते. मग तिची छोटी मुलगी तेच ताट घेऊन मामाला ओवाळते. तिथं सगळं थेटर रडतं. माझी ताई मात्र रडायची नाही, भांडायची. पुढं बसून पडद्याला सांगायची, “अगं, अंथरूण धरू नको, येतोय तो. चल ऊठ!” तिच्या आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून रडता रडता हसायच्या.

गेल्या वर्षी ती बाळंतपणाला आली होती. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, त्यामुळं घरात सगळे तिच्याशी जपून बोलत होते. ती मात्र म्हणत होती, “पिच्चर बघूनच जाईन दवाखान्यात.” पाडव्याच्या संध्याकाळी तिला कळा लागल्या. भाऊबीजेच्या पहाटे वडिलांनी मोंढ्यातून टेम्पो आणला. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर माप करतात, तिथलाच तो टेम्पो. ताईला उचलूनच आत ठेवलं. रक्त जात होतं. तिच्या चपला दारातच राहिल्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीजवळ पुरुषांना जाऊ देत नाहीत. मी जिन्यापासून नळापर्यंत आणि नळापासून जिन्यापर्यंत फिरत होतो. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन वडिलांना काहीतरी सांगून गेल्या. वडिलांनी ते मला सांगितलं नाही. माझी मावशी तिथंच होती, तिनं सांगितलं. “दोघांतलं एक तरी हाती लागंल म्हणाल्या बाई.” एवढं बोलून तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

थोड्या वेळानं आई आली आणि माझ्यावरच चिडली.

“तू जा बरं घरी.”

“मी काय करतोय?”

“फिरतोस. तुझ्या फिरण्यानं माझा जीव खालीवर होतोय. थेटरात जा. कबूल केलंयस ना तिथं? मग जा.”

कबूल केलं होतं हे खरं. थेटर चालवणाऱ्या मंडळानं त्या वर्षी मला माइकवर बोलायचं काम दिलं होतं. वस्तीतला कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून. पिच्चर चार रिळांचा, आमच्यात आणि छावणीतल्या एका मंडळात मिळून आणलेला असतो. त्यांचं आधी सुरू होतं, आमचं नंतर. त्यांचं एक रीळ संपलं की डबा सायकलवरून आमच्याकडं येतो. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलताना अंधार, आणि डबा यायला उशीर झाला की आणखी अंधार. तेवढ्या वेळात लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे माझं काम.

मी चालत घरी आलो, दारातल्या ताईच्या चपला पिशवीत घातल्या आणि थेटरात गेलो. चपला का घेतल्या ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. दर वर्षी घेतो म्हणून घेतल्या असतील.

डबे ने-आण करायचं काम सायकल दुकानवाल्या मामूंकडं होतं. वस्तीतले सगळेच त्यांना मामू म्हणतात. छावणीच्या वाटेवर दवाखाना लागतो. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, “मैं रस्ते में उतर के पूछ के आतूं. तू माइक संभाल. हौ?”

मी हौ म्हणालो.

पहिलं रीळ लागलं. मी मशीनच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो. पडद्यावर भाऊबहीण लहान होते, चिंचेखाली खेळत होते. लोक नेहमीच्या ठिकाणी नेहमीसारखे हसले. मला ते हसू ऐकू येत होतं, पण मी दाराकडंच बघत होतो. दाराला घोंगडी होती आणि तिच्या कडेनं उन्हाची एक रेघ आत येत होती. कुणी आलं की ती रुंद व्हायची. ती रुंद झाली की मी उठायचो. पाणी प्यायला गेलेला माणूस असायचा, नाहीतर कुणाचं पोर.

मंडळाचे अध्यक्ष शिंपीकाम करतात. त्यांना सगळे टेलरकाका म्हणतात. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बस की रं खाली. स्टूल मोडायचं.”

पहिलं रीळ संपलं आणि मी माइक हातात घेतला. मी घरी चार वाक्यं पाठ केली होती. ‘रसिक मायबापहो’ म्हणालो आणि पुढचं आठवेना.

मागून कुणीतरी ओरडलं, “ए कॉलेज! जोरात बोल. बापानं फी भरलीय ना?”

“सर्टिफिकेट दाखव आधी!”

लोक हसले. एरवी मीही हसलो असतो. मी म्हणालो, “दुसरं रीळ येतंय. तोपर्यंत शांत राहावं.” यावर आणखी हसले, कारण गोंधळ कुणी करतच नव्हतं. गोंधळ माझ्याच आवाजात होता.

मामू आले. डबा देताना म्हणाले, “दरवाजा बंद है अभी. तेरी माँ बाहर बैठी है. कुछ बोले नहीं किसी ने.” आणि लगेच परत निघाले.

दुसरं रीळ सुरू झालं. ताईचं लग्न झालं. म्हणजे पडद्यावरच्या बहिणीचं. पण त्या दुपारी मला या दोघी वेगळ्या ठेवणं जमत नव्हतं. पडद्यावरची बहीण सासरी निघाली तेव्हा मला टेम्पोचं दार दिसलं. काखेतली पिशवी मी या हातातून त्या हातात घेत होतो. रीळ निम्मं झालं असेल तेव्हा मी टेलरकाकांना म्हणालो, “काका, मी जाऊ का दवाखान्यात?”

“जा की मग. माइक मी धरतो. जा.”

मी दारापर्यंत गेलो. घोंगडी बाजूला केली. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर फटाक्यांचे कागद पडले होते. आणि माझे पाय पुढं जाईनात. इथं आहे तोवर मला काही माहीत नाही. तिथं गेलो की कुणीतरी काहीतरी सांगणार. आईनं नको म्हटलंय, सायकल मामूंकडं आहे, अशी कारणं मी मनाशी जुळवली आणि परत येऊन स्टुलावर बसलो. टेलरकाकांनी माझ्याकडं बघितलं. खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

दुसरं रीळ संपलं आणि मोठा अंधार सुरू झाला. मामूंचा पत्ता नव्हता. मी माइकवर सांगितलं की डबा वाटेत आहे. मग पुन्हा तेच सांगितलं. लोक कंटाळले. पुढं बसलेल्या पापडवाल्या काकू वळून म्हणाल्या, “अरे, तू मधूनमधून नीट बोलतोस अन् मधूनच गप बसतोस. झालंय काय तुला? ताई कुठंय तुझी?”

माइक हातातच होता, चालूच होता. मी म्हणालो, “ताई दवाखान्यात आहे. सकाळपासून.” ते सगळ्या थेटराला ऐकू गेलं.

अंधारात बांगड्यांचा आवाज झाला, एक पोर रडलं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

तेवढ्यात मामू आले, घामाघूम. त्यांच्या हातात दोन डबे होते. छावणीतलं सगळं संपलं होतं, म्हणून शेवटची दोन्ही रिळं त्यांनी एकदमच आणली होती. डबे खाली ठेवायच्या आधीच पुढच्या बायका आणि मागचे पुरुष त्यांच्याभोवती गोळा झाले.

“बोला मामू, काय म्हणाले?”

“डाक्टरनी अंदर है. खून लगा बोले. इसके अब्बा खून देने गए.”

“अन् पोरगी? पोरगी कशी हाय?”

“वो किसी ने बताया नहीं, बेन. मैं क्या झूट बोलूं?”

मशीनवालाही ऐकत उभा होता. त्याला स्वतःला मोठी बहीण आहे, तीही पुढं बसलेली होती. त्यानं तसंच ऐकत ऐकत वरचा डबा उघडला, रीळ चढवलं आणि दिवा लावला.

पडद्यावर रात्र होती. वारा सुटला होता. बहीण खाटेवर पडलेली होती, कपाळावर ओल्या कापडाची घडी.

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. मग एक बाई म्हणाली, “अगं, ही आजारी कधी पडली?”

“रांगोळी कुठं काढली अजून?”

“अहो, हे शेवटचं रीळ लावलंय!”

मशीनवाल्यानं कपाळावर हात मारला. पण हात मारून तो पडद्याकडं बघतच राहिला. मीही बघत होतो. खाटेवरच्या बाईनं दाराकडं मान वळवली. कोनाड्यातल्या दिव्याची वात फडफडायला लागली. हा प्रसंग मला पाठ आहे. वात किती वेळा फडफडते तेसुद्धा ताईनं मला दाखवलं होतं. इथंच ती पडद्याला ओरडायची. त्या दिवशी तिथं ओरडणारं कुणी नव्हतं. मी स्टुलावरून उठलो होतो आणि पिशवी छातीशी धरली होती, हे मला नंतर कळलं.

“बंद कर ते!”

पापडवाल्या काकू उभ्या राहिल्या होत्या. मशीनच्या उजेडात त्यांची सावली पडद्यावर पडली आणि खाट झाकली गेली.

“काकू, बसा खाली. रीळ चढलंय,” मशीनवाला म्हणाला. “आता उतरवायचं म्हणजे...”

“उतरव. आदुगर तिसरं लाव.”

मशीन बंद झालं. अंधारात टेलरकाका म्हणाले, “तिसरं लावू. मग हेच पुन्हा शेवटी लावू. क्रमानं हुईल.”

“नाय,” काकू म्हणाल्या. “तिसरं लावा अन् तिथंच संपवा.”

“असं कसं? पैसं दिल्यात लोकांनी. शेवट बघायचा नाय व्हय?”

“कुणाला बघायचाय? हात वर करा.”

अंधार होता. हात वर झाले असते तरी दिसले नसते. मग दुसरी एक बाई म्हणाली, “दर साली रडूनच घरी जातो. एखाद्या सालाला नाय रडलं तर काय बिघडंल?”

“आमच्या हिला तर रडल्याशिवाय दिवाळी गोड लागत नाय,” मागून एकजण म्हणाला.

“तुम्ही गप बसा हो. चपला सांभाळा.”

थोडं हसू झालं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, माझं नाव कुणी घेतलं नाही. माझ्यासाठी करतोय असं एकानंही दाखवलं नाही. मला कळत होतं. मी माइक धरून उभा होतो आणि आभार मानायचे की काय करायचं हे मला सुचत नव्हतं. मी म्हणालो, “आता तिसरं रीळ.” एवढंच.

तिसरं रीळ लागलं. भाऊ येतोय असा निरोप आला आणि बहीण अंगणात धावली. तिनं भिंती सारवल्या, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, पोरीची वेणी घातली. ते रीळ मी दर वर्षी बघतो, पण तिचं हसू मी कधी नीट बघितलं नव्हतं. पुढचं माहीत असल्यामुळं त्या हसण्याकडं बघवायचंच नाही. त्या दुपारी बघितलं. बघताना दाराकडंही बघत होतो. रेघ आता पिवळी पडली होती. शेवटी ती ताट घेऊन उंबऱ्यात बसली आणि रस्त्याकडं बघायला लागली. रस्त्याच्या टोकाला धूळ दिसते, कुणीतरी येत असतं. तो शेजारचा गाडीवान असतो, हे चौथ्या रिळात कळतं. तिथंच तिसरं रीळ संपलं आणि पडदा पांढरा झाला.

मग टेलरकाकांनी घोंगड्या काढायला सुरुवात केली. उजेड आत आला तेव्हा लोक एकमेकांकडं बघून जरा ओशाळल्यासारखे हसत होते. बायका बाहेर आल्या, भावांनी पिशव्या उघडल्या, चपला पायांपुढं ठेवल्या. वस्ती घरी गेली. कुणाकुणाच्या घरात ताटं तयार व्हायला लागली, तेलाचा वास यायला लागला. पापडवाल्या काकू जाताना म्हणाल्या, “दिवेलागणीला घरी ये माझ्या. मी ओवाळते.” मी म्हणालो, “थांबतो थोडं.” त्या म्हणाल्या, “थांब. निरांजन लावून ठेवते.”

मी, टेलरकाका आणि मामू सतरंज्या घड्या घालत होतो. धूळ उडत होती. मामूंनी पुन्हा दवाखान्यात जायची तयारी केली. सायकलचा स्टँड काढला आणि ते थांबले. वळणावरून वडील चालत येत होते.

ते इतके हळू येत होते की मला पुढं पळत जाता आलं असतं. मी गेलो नाही. त्यांचा सदरा एका बाजूनं कोपरापर्यंत वर सरकवलेला होता आणि कोपराच्या वाकणात कापसाचा बोळा चिकटवलेला होता. टोपी हातात होती. ते थेटराच्या पायरीपाशी आले आणि आत न येता बाहेरच उभे राहिले.

“पाणी आण,” ते म्हणाले.

आमच्यात मयतीहून आलेला माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी मागतो, पायांवर घेतो आणि मगच आत येतो. मी माठापाशी गेलो. तिथं तांब्या होता आणि बादलीही होती. दोन्हींकडं बघत मी उभा राहिलो. मग बाहेर येऊन विचारलं, “पायावर घ्यायला का प्यायला?”

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी काय विचारतोय ते त्यांना कळायला वेळ लागला.

“प्यायला रं,” ते म्हणाले. “चालत आलोय. घसा वाळलाय.”

मी तांब्या दिला. ते घटाघट पाणी प्यायले आणि पायरीवर बसले. टेलरकाका आणि मामू तिथंच उभे होते, हातात निम्मी घडी घातलेली सतरंजी.

“पोरगी झाली,” वडील म्हणाले. “लहानी हाय, पर रडली.”

“अन् ताई?”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. माझ्या काखेतल्या पिशवीकडं बघितलं आणि हात पुढं केला.

“दे ते इकडं. डोळं उघडल्या उघडल्या चपला मागितल्या तिनं. म्हणाली, भावाकडं असतील.”